माझ्या नवऱ्याचे डोळे धुणारी बाई

कारखान्यातून फोन आला तेव्हा मी एका साडीला फॉल लावत होते. सुपरवायझर बोलत होता. म्हणाला, वहिनी, घाबरू नका, यांच्या डोळ्यांत थोडं कॉस्टिक उडालंय, डोळ्यांच्या दवाखान्यात नेलंय, तुम्ही तिकडंच या. 'घाबरू नका' असं सुपरवायझर कधी म्हणतो, हे सोलापूरच्या आमच्या पूर्व भागातल्या, कारखान्यांच्या वस्तीतल्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. मी साडी मशीनवर तशीच सोडली, सासूबाईंना काय सांगितलं ते मला आठवत नाही, आणि गल्लीच्या तोंडाशी मिळाली ती रिक्षा धरली.

माझा नवरा टॉवेलच्या प्रोसेस हाऊसमध्ये ब्लीचिंगला होता. मागावरून उतरलेलं टॉवेलचं कापड कोरं, पिवळट असतं. त्यावर खळ असते, यंत्राच्या तेलाचे डाग असतात. ते कॉस्टिकच्या गरम पाण्यात उकळून काढतात, मग पांढरं करतात, मग रंगाला पाठवतात. कॉस्टिक दिसायला पाण्यासारखंच, जरा दाट. बोटाला लागलं तर साबण लागल्यासारखं बुळबुळीत वाटतं. ती बुळबुळ साबणाची नसते, आपल्याच कातडीची असते, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवशी बॅरलमधून टाकीत कॉस्टिक सोडताना पंपाची नळी निसटली आणि फवारा सरळ त्याच्या तोंडावर आला. चष्मा कारखान्यानं दिलेला होता. तो गळ्यात लोंबत होता. वाफेनं काचा धुरकट होतात, काही दिसत नाही, म्हणून सगळेच तो गळ्यात ठेवायचे.

दवाखान्यात पोचले तेव्हा आतल्या खोलीत त्याला खुर्चीवर आडवं केलं होतं. वर सलाईनची बाटली टांगलेली, तिची नळी डोळ्यावर धरलेली, आणि पाणी कानावरून ओघळत खाली ट्रेमध्ये पडत होतं. त्याच्या डोक्याशी एक बाई उभी होती. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली, पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलेलं. नर्स तिला सांगत होती की ताई, घरी गेल्यावर डोळे चोळू द्यायचे नाहीत, उशी स्वच्छ ठेवायची, झोपताना मलम घालायचं. बाई मान हलवत होती.

मी दारात उभी राहिले. नर्सनं मला विचारलं, "तुम्ही कोण?"

"बायको," मी म्हटलं.

नर्सनं आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या बाईनं त्याचं डोकं हळूच सोडलं आणि बाजूला झाली. मी तिच्या जागी जाऊन उभी राहिले. त्याचे केस ओले होते. त्यानं हात वर करून चाचपडत विचारलं, "अक्का, हायसा न्हवं?"

मी म्हटलं, "मी आहे."

"हां," तो म्हणाला.

माझ्या मनात त्या बाईबद्दल जे काही सुरू झालं, ते त्या 'हां'पासून.

कारखान्यात तिला सगळे अक्का म्हणत. अक्कलकोटच्या पलीकडची, घरात कानडी बोलणारी, आमच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. नवरा ट्रकवर असायचा, महिन्यातला बराचसा काळ रस्त्यावर. ती घडीच्या खात्यात टॉवेल तपासून घडी घालायची. त्या दिवशी पिण्याच्या पाण्याची बाटली भरायला इकडच्या बाजूला आली होती, एवढाच तिचा आणि ब्लीचिंगचा संबंध. पुढचं मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते मला स्वतः पाहिल्यासारखं दिसतं. तो ओरडत जमिनीवर बसला. कुणी म्हणालं दूध घाला, कुणी म्हणालं तूप आणा. सुपरवायझर मालकाची गाडी आणायला पळाला. तिनं बाटली टाकली, त्याला बखोटीला धरून कापड धुवायच्या नळाखाली ओढलं, अंगठ्यांनी पापण्या फाकवल्या आणि पाणी सोडलं. तो हात झाडत होता, डोळे मिटून घेत होता. तिनं मिटू दिले नाहीत. गाडी दाराशी येऊन हॉर्न वाजवायला लागली तरी तिनं सोडलं नाही. सुपरवायझर म्हणाला, अक्का, उशीर होतोय, चला आता. ती म्हणाली, "थांबू द्या गाडी. आधी हे धुवून निघंल, मग दवाखाना." मग गाडीतही पाण्याचा जार घेऊन बसली आणि दवाखान्यापर्यंत ओतत राहिली. मालकाच्या गाडीची सीट कित्येक दिवस वाळली नाही म्हणतात.

कॉस्टिक किती उरलंय ते कळायला डॉक्टरांनी पापणीच्या आत कागदाची पट्टी लावून रंग बघितला, पुन्हा धुतलं, पुन्हा पट्टी लावली. रंग मनासारखा आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले की अॅसिड भाजतं आणि बहुतेक वेळा तिथंच थांबतं. हे थांबत नाही, आत जात राहतं. उजवा डोळा वाचेल. डाव्याचं आत्ता सांगता येणार नाही. "पण ज्यांनी जागेवर धुतलं ना, त्यांनी तुमच्या मिस्टरांचे डोळे वाचवले. आम्ही त्यानंतरचे." मी आभार मानले. त्यांचे मानले, तिचे नाही. ती बाहेर बाकावर बसून पदर पिळत होती. मी तिच्यासमोरून औषधाच्या दुकानात गेले आणि आले.

घरी आल्यावर माझं मशीन बंद पडलं. दिवसभर थेंब. हा थेंब, मग जरा थांबून तो थेंब, मग गोळ्या, रात्री मलम. एक दिवसाआड दवाखाना. तिथं डॉक्टर काचेची बारीक कांडी पापणीच्या आतून फिरवायचे, पापणी डोळ्याला चिकटू नये म्हणून. तो खुर्चीचा हात घट्ट धरायचा आणि मी त्याचा खांदा. उजेड सहन होत नव्हता म्हणून खिडकीला मी जुनी चादर लावली. सोलापूरचा उन्हाळा, त्यात बंद खोली. मी त्याच्या मानेला ओला पंचा लावायची, भाजी-भाकरीचा घास करून हातात द्यायची. आमच्या घरात बोलणं तेलुगूत, भांडण मराठीत. त्या दिवसांत आम्ही मराठीत बरंच बोललो.

कारण जो येईल त्याला तो अक्काची गोष्ट सांगायचा. शेजारी आले, भावकी आली, कारखान्यातली पोरं आली. पट्टीखाली डोळे आणि तोंडावर तेज. "अक्का नसती तर मी आज आंधळा असतो की." ऐकणारे 'लई धाडसी बाई' म्हणायचे आणि मी चहा टाकायला उठायची. सासूबाईंनी देवासमोर तिच्यासाठी नारळ ठेवला. माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, माझ्या नावाचा नारळ त्यांनी कधी ठेवला होता ते मला सांगता यायचं नाही.

एकदा दुपारी थेंब घालताना माझा हात थरथरला, थेंब गालावर पडला. सुईत दोरा ओवणारा माझा हात, पण कुणाचा डोळा असा उघडून धरायची मला सवय नव्हती. लाल, सुजलेला डोळा समोर असला की माझ्याच डोळ्यांत पाणी यायचं. तो म्हणाला, "अक्काचा हात जरासुदा हालला न्हाई बघ."

मी बाटलीचं टोपण लावलं. म्हटलं, "मग बोलवा अक्काला."

त्याला समजलंच नाही. तो म्हणाला, "येणार हाय की ती. फोन आला होता."

आणि ती आली. स्टीलच्या डब्यात शेंगाच्या पोळ्या घेऊन आली. तव्यावर खरपूस भाजलेल्या, गुळाच्या, वेलदोड्याच्या. डबा उघडायच्या आधीच त्यानं वासावरून ओळखलं आणि लहान मुलासारखा हसला. त्या महिन्यात माझ्या हातचं काही खाऊन तो तसा हसला नव्हता. ती आत आली, मला नमस्कार केला, सासूबाईंच्या पाया पडली, आणि कुणाला न विचारता त्याच्याजवळ जाऊन हनुवटी वर करून डोळे बघितले. उजवा, मग डावा. डाव्यापाशी थांबली. मला म्हणाली, "थेंब येळच्या येळी चाललेत न्हवं?"

घरातली मोलकरीण असल्यासारखं मी उत्तर दिलं. हो, चाललेत, डॉक्टर समाधानी आहेत. ती बसली, पाणी प्यायली, जास्त काही बोलली नाही. बोलत तोच होता. मी तिला नीट बघून घेतलं. दिसायला साधी, दात जरा पुढे, हात रुंद, टाचा फुटलेल्या. देखणी असती तर सोपं गेलं असतं. तिच्या दिसण्यावर राग धरता आला असता, कुणीही मला समजून घेतलं असतं. पण मला राग होता तो त्या रुंद हातांचा. माझ्या नवऱ्याचा चेहरा मी अशा दोन्ही हातांत कधी धरला नव्हता. आमच्यात तशी पद्धतच नाही. तिनं भर दिवसा, अख्ख्या खात्यासमोर धरला, आणि लोकांनी तिला हात जोडले.

ती गेल्यावर त्यानं आणखी एक पोळी संपवली. मग म्हणाला, "डाव्या डोळ्यानं शेवटचं नीट काय दिसलं माहितीय? अक्काचं तोंड. पाण्यातनं."

हे तो मला सांगत होता. दुसऱ्या कुणाला सांगता आलं नसतं म्हणून मला सांगत होता, हे मला आता समजतं. त्या वेळी मी स्वयंपाकघरात जाऊन शेंगाच्या पोळीचा तुकडा तोंडात टाकला, चांगली झाली होती, आणि मला रडू आलं.

उजवा डोळा बरा झाला. डाव्यात पांढरट पडदा आला, त्यावर बारीक लाल शिरा चढल्या. उजेड-अंधार कळायचा, बोटं हलवली तर हलतात एवढं कळायचं. डॉक्टर म्हणाले की पुढं कधीतरी हैदराबादला दाखवा, चांगल्या डोळ्यातला बारीकसा भाग काढून इकडे लावतात, पण आत्ता डोळा शांत होऊ द्या. कारखान्यानं त्याला कामावर परत घेतलं. ब्लीचिंगला ठेवणं शक्य नव्हतं. घडीच्या खात्यात घेतलं.

आता रोज संध्याकाळी 'अक्का म्हणाली' घरात यायला लागलं. अक्का म्हणाली गॉगल साधा नको, बाजूनं बंद असलेला घ्या. अक्का म्हणाली मधल्या सुट्टीत डोळे मिटून बसा. तो तिच्यासाठी चहाचा कप भरून ठेवायचा, असं एका पोरानं मला हसत सांगितलं. मी हसले नाही. मी त्याचा डबा करताना मुद्दाम तिखट जास्त घालायला लागले, मग डोळ्याला त्रास होईल म्हणून कमी करायला लागले. झोपताना मलम मीच लावायची, आता हात थरथरत नव्हता, पण ते त्यानं एकदाही बोलून दाखवलं नाही.

तिचा डबा आमच्याकडेच राहिला होता. रिकामा परत द्यायचा नाही म्हणून मी त्यात रव्याचे लाडू भरले आणि एका सुट्टीच्या दिवशी, तो मित्रांकडे गेलेला असताना, अक्कलकोट नाक्याच्या पुढे तिचं घर शोधत गेले. तिला काय बोलायचं ते मी रिक्षात दोनदा मनात घोळवलं होतं. माझा नवरा तुमचे उपकार विसरणार नाही, पण आता त्याला त्याच्या घरात राहू द्या, असं काहीतरी होतं ते.

पत्र्याचं दोन खोल्यांचं घर. दारात एक म्हातारी पाय पसरून शेंगा फोडत बसली होती. तिनं मान वर केली तर तिचा एक डोळा पूर्ण पांढरा होता, अंड्यासारखा. मी दचकले. आतून अक्का आली, मला बघून तिला आश्चर्य वाटलं, पण तिनं ते लपवलं. चटई टाकली. म्हातारी तिची आई होती.

मी डबा दिला. मी काही बोलायच्या आत तीच आईकडे बघून म्हणाली की त्या दिवशी मला हिचा डोळा दिसत होता. तिची आई तरुणपणी लोकांच्या भिंतींना चुना लावायला जायची. एकदा चुना कालवताना डोळ्यात उडाला. घरच्यांनी पदरानं पुसलं, तुपाची पट्टी बांधली, देवाचा अंगारा लावला. पाणी कुणी घातलं नाही. पाण्यानं चुना आणखी पेटतो, असं कुणीतरी म्हणालं म्हणे. अक्का त्या वेळी लहान होती, आईचं ओरडणं ऐकून धान्याच्या कणगीमागं लपून बसली होती. म्हातारी ऐकत होती, मध्येच कानडीत काहीतरी म्हणाली आणि हसली. अक्का म्हणाली, "म्हणते, आता ह्या डोळ्यानं वाईट तरी काय दिसत न्हाई."

मग तिनं हातातल्या बांगड्या वर सरकवल्या. मनगटाच्या वर दातांचे व्रण होते, पांढरे पडलेले. "तुमच्या मालकानं चावलंय. नळाखाली धरलं तवा."

हे मला त्यानं सांगितलं नव्हतं. इतक्या लोकांना इतक्यांदा गोष्ट सांगितली, त्यात चावा कधी नव्हता. मी त्या व्रणाकडे बघत राहिले. मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं तेच लिहायचं तर, माझ्या नवऱ्याचे दातही तिच्याकडे उमटलेले आहेत, हा विचार मनात आधी आला.

ती पुढं म्हणाली, आणि आवाज खाली आणला, "बाई, एक सांगते, राग मानू नका. त्यांना म्हणावं, रोज रोज हात जोडू नका. चहा भरून ठेवतात, उठून जागा देतात. खात्यातल्या बाया हसतात. माझा मालक येतो कधी कधी न्यायला, त्याच्या कानावर गेलं तर काय सांगू मी?" मग म्हणाली, "मला त्यांचं तोंडसुदा आठवत न्हाई त्या दिवशीचं. मला डोळाच दिसत होता."

मी जे बोलायला आले होते ते तीच बोलली. माझ्याहून नीट बोलली. मला हलकं वाटायला हवं होतं, पण परत येताना रिक्षात मला भलताच राग येत होता. माझ्या नवऱ्याची कृतज्ञता तिला नको होती. त्यानं माझ्याकडून काढून जे तिला दिलं, ते तिनं असं डब्यासारखं माझ्या हातात परत दिलं.

मी त्याला सांगितलं. किती सांगावं याचा विचार केला आणि सगळंच सांगितलं, हसणाऱ्या बायांसकट, चाव्यासकट. तो जेवत होता. हात थांबला. म्हणाला, "चावलेलं मला आठवत न्हवतं." मग ताट सरकवलं. त्यानंतर अक्काची गोष्ट घरात थांबली. कुणी विचारलं तर 'हां, जागेवर धुतलं म्हणून वाचलो' एवढंच सांगायचा, कुणी धुतलं ते नाही. चहाही बंद झाला असावा. मला वाटलं होतं मी जिंकले की मला बरं वाटेल. पण रात्री मलम लावताना तो छताकडे बघत असायचा, आणि त्या गप्प राहण्यात ती आधीपेक्षा जास्त होती.

मात्र ती माझ्याकडे यायला लागली. पहिल्यांदा साडीला पिको करायच्या निमित्तानं, मग निमित्त न काढता. बहुतेक तो पाळीवर असतानाच. मशीनशेजारी बसायची, आईच्या गुडघ्यांचं, ट्रकच्या टायरचं, घडीखात्यातल्या भांडणांचं बोलायची. कारखान्यात टाकीजवळ आता डोळे धुवायचा वेगळा नळ बसवलाय, पायानं दाबला की दोन धारा वर येतात, असं तिनंच मला सांगितलं. त्यानं नाही. तिचे ब्लाउज मीच शिवायला लागले, त्यांच्या बाह्या लांब ठेवायची, मनगटापर्यंत. तिनं कधी विचारलं नाही का ते.

गेल्या दिवाळीनंतर तिच्या नवऱ्यानं ट्रक सोडला. गावी थोडी जमीन होती, तिकडंच राहायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी ती आली. माझा नवरा पाळीवर होता. मी म्हटलं, यांना फोन करते, सुट्टी मागून येतील. ती म्हणाली, "नको. तुमच्याकडंच आले हाय."

आम्ही चहा केला. पुन्हा एकदा केला. म्हातारी प्रवासाला भ्याली होती, टेंपोत पुढं बसणार नाही म्हणत होती, त्यावर आम्ही हसलो. तिनं सासूबाईंना वाकून नमस्कार केला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि तोच हात क्षणभर माझ्या गालावर ठेवला. रुंद, खरखरीत आणि खरंच अजिबात न हलणारा. मग गेली.

संध्याकाळी तो आला. मी सांगितलं, अक्का येऊन गेली, उद्या गावी निघतायत. तो चप्पल काढता काढता थांबला.

"थांबवायचं की तिला."

"घाईत होत्या," मी म्हटलं.

"काय म्हणाली?"

"काही नाही. थेंब वेळेवर घाला म्हणाल्या."

तो मान हलवून हातपाय धुवायला गेला. मी कपबश्या विसळल्या, आणि त्या दुपारचं बाकी काही त्याला सांगितलं नाही.